राक्षसभुवनची आठ मिनिटं

'सोर्स कोड' (2011) पाहिलाय का? शिकागोला निघालेल्या लोकलमध्ये बॉम्ब फुटतो आणि कोल्टर स्टीव्हन्स नावाच्या सैनिकाला त्या गाडीतली शेवटची आठ मिनिटं पुन्हा पुन्हा जगायला लावतात, बॉम्ब ठेवणारा सापडेपर्यंत. दर फेरीला डबा तोच, प्रवासी तेच, बुटावर सांडणारी कॉफीसुद्धा तीच. बदलतो फक्त हा. विज्ञान शिकलेल्याला हे लगेच ओळखीचं वाटतं: बाकी सगळं स्थिर ठेवून एकच चल बदलायचं.

इतिहासात ही सोय नाही, तिथं प्रत्येक घटनेची एकच फेरी. आपल्याच बीड जिल्ह्यातली एक बघू.

10 ऑगस्ट 1763. गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन, गोदावरीचा दक्षिण काठ. पानिपतला अडीच वर्षं झालेली, पेशवे माधवराव अठरा वर्षांचे. त्याच उन्हाळ्यात निजामाच्या फौजेनं पुणं लुटून जाळलं होतं. आता निजाम अली औरंगाबादकडे जायला नदी उतरून पलीकडे गेला. दिवाण विठ्ठल सुंदर आणि बरीच फौज अलीकडेच राहिली. मराठ्यांनी तेवढ्यात गाठलं. लढाईत राघोबादादा वेढले गेले, माधवरावांनी त्यांना सोडवलं. विठ्ठल सुंदर पडला. निजामाला मदत पाठवता आली नाही, कारण मध्ये पूर.

आता लूप लावा. काय बदलाल? मी पटकन म्हणालो असतो, पूर. पण ऑगस्टात गोदावरीला पाणी असणं हा काही योगायोग नव्हे. बदलू शकत होता तो निर्णय: भर पावसाळ्यात, शत्रू मागावर असताना, फौज दोन काठांवर वाटण्याचा.

जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत असंच मोकळं चल निवडलं: विश्वासरावांना लागलेली गोळी. कथेत ती कानाजवळून जाते आणि इतिहास दुसऱ्या वाटेला लागतो. गोळी थोडी इकडची तिकडे होणं सहज शक्य होतं, म्हणून ते पटतं.

पण ही वाट किती लांब दाखवायची? कथाकाराला मुभा आहे, आपल्याला नाही. 1961 मध्ये एडवर्ड लॉरेन्झनं हवामानाचं गणित संगणकावर मधूनच पुन्हा चालवलं, 0.506127 ऐवजी 0.506 टाकून. आधी उत्तरं जुळत गेली, मग पार वेगळी झाली. सिनेमातला लूप आठच मिनिटांचा आहे, म्हणून 'बाकी सगळं तेच' राहतं. फौज वाटली नसती तर त्या दिवशी विठ्ठल सुंदर कदाचित वाचला असता, एवढं मी म्हणेन. त्यावरून 1795 ची खर्ड्याची लढाई टळली असती, असं कुणी लिहिलं तर मी पान उलटतो.

हे शहाणपण मला उशिरा आलं, बरं का. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा प्रश्न होता: पैठणचं धरण नसतं तर खालच्या गावांत पूर कसा आला असता? मार्गदर्शकांनी तो पेन्सिलीनं खोडला आणि बाजूला लिहिलं, ''दरवाजे सहा तास आधी उघडले असते तर?'' सध्या त्याच सहा तासांवर काम चालू आहे.