एकाच चौकटीत मराठी आणि उर्दू

संगणकाच्या कार्यप्रणालींचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा, इतिहास बहुतेक वेळा कंपन्यांच्या हारजितीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी कोणाला मागे टाकले, कोण किती श्रीमंत झाला. तोही इतिहास खराच आहे. पण मला त्यात वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो : या यंत्राला माझी अक्षरे कधीपासून कळू लागली? आपल्यापैकी अनेकांच्या घरात दोन लिप्या नांदतात. शाळा, कचेरी आणि लिखाण मराठीत, तर जुनी पत्रे आणि दीनी किताबे उर्दूत. म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी दुहेरी आहे.

सुरुवात १९७४ पासून करू. गॅरी किल्डॉल यांनी तेव्हा सीपी/एम नावाची कार्यप्रणाली लिहिली. कळफलक, पडदा आणि डिस्क सांभाळण्याचे काम एका ठिकाणी आले. प्रत्येक यंत्रासाठी प्रत्येक प्रोग्राम नव्याने लिहिण्याची गरज कमी झाली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्याची कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टने पुरवली होती, पण तिचा मूळ गाभा सिअॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समधल्या टिम पॅटरसन यांनी लिहिलेला होता. मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला. शहाणपणाची गोष्ट ही केली, की तीच प्रणाली इतर उत्पादकांना विकण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला. आयबीएमसारखी यंत्रे दुसऱ्यांनी बनवायला सुरुवात केल्यावर एमएस-डॉस त्या सगळ्यांबरोबर जगभर पोहोचले.

या पीसीत अक्षरांसाठी २५६ जागा होत्या. पहिल्या १२८ जागा अमेरिकी प्रमाणाच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरे, आकडे, चिन्हे आणि यंत्राचे काही संकेत. उरलेल्या जागांत युरोपीय भाषांची अक्षरे, काही ग्रीक अक्षरे आणि तक्ते आखायच्या रेघा होत्या. शिवाय हसरा चेहरा होता आणि पत्त्यांतले बदाम, चौकट, किलवर, इस्पिकही होते. ‘क’ला जागा नव्हती आणि ‘काफ’लाही नव्हती. यात दुष्टपणा शोधायचे कारण नाही. ज्यांनी यंत्र बनवले त्यांनी आपल्या आणि आपल्या गिऱ्हाइकांच्या गरजा पाहिल्या. पण परिणाम असा झाला, की एक अक्षर म्हणजे एक चौकोन, डावीकडून उजवीकडे ओळीने मांडलेला, हीच लिहिण्याची व्याख्या ठरली.

आपल्या दोन्ही लिप्या या व्याख्येत बसत नाहीत. मराठीत ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या नंतर उच्चारली जाते, पण दिसते आधी. जोडाक्षरात अक्षरे एकमेकांत मिसळतात. उर्दूत एकच हर्फ शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळा दिसतो. नस्तालीकमध्ये तर शब्द उतरणीवरून घसरल्यासारखा उजवीकडून डावीकडे खाली येतो.

दोन्हीकडे उपाय निघाले. देवनागरीसाठी आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्रज्ञान घडवले. पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते काम वाढले. पीसीत एक वेगळे कार्ड बसवले, की डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. त्यामागची कल्पना कार्डापेक्षा मोठी होती : साठवायचे ते उच्चाराच्या क्रमाने, आणि आकार कसा दिसेल ते यंत्राने पाहायचे. १९९१ मध्ये भारतीय मानक झालेल्या इस्कीचा हाच पाया. भारतीय लिप्यांचा वर्णक्रम बहुतांशी एकच असल्याने एकच संकेत अनेक लिप्यांना पुरला.

उर्दूची वाट वेगळी होती. वृत्तपत्रे कातिबांच्या हातून उतरत. चेन्नईत १९२७ साली सुरू झालेल्या ‘द मुसलमान’ने तर हाताने लिहिण्याची ती परंपरा एकविसाव्या शतकापर्यंत आणली. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड हाताने लिहिले. मोनोटाइप कंपनीच्या यंत्रांवर त्यांतून ‘नूरी नस्तालीक’ उभे राहिले आणि १९८१ मध्ये ‘जंग’ वृत्तपत्र त्यात छापले गेले. म्हणजे ज्या वर्षी पीसी आला, त्याच वर्षी. पण ती यंत्रे मोठ्या छापखान्यांची होती. साध्या पीसीवर नूरी नस्तालीक आणले ते १९९४ च्या इनपेजने, आणि ते घडवणारी कन्सेप्ट सॉफ्टवेअर ही कंपनी दिल्लीची.

दरम्यान पडदाच बदलला होता. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेल्या आल्टो संगणकावर खिडक्या आणि माउस होते. अॅपलने १९८४ च्या मॅकिन्टॉशमधून ती कल्पना बाजारात यशस्वी केली. मायक्रोसॉफ्टचे विंडोज १९८५ मध्ये आले, पण पसरले ते १९९० च्या ३.० या आवृत्तीपासून. आता अक्षर चौकोनात अडकलेले नव्हते. ते एक चित्र झाले, आणि चित्र कोणालाही काढता येते.

इथून आपल्या डीटीपीचा जमाना सुरू झाला. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली : इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. काना एका जागी, अर्धा ‘स’ दुसऱ्या. पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी ती निरर्थक इंग्रजीच होती. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. ज्या फॉन्टमध्ये लिहिले तो नसेल, तर मजकुराचा कचरा. लग्नपत्रिका आणि स्मरणिका छापायला हे पुरेसे होते. शोधायला, वर्णानुक्रम लावायला किंवा दुसऱ्याला पाठवायला पुरेसे नव्हते. इनपेजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचेही तेच. मजकूर इनपेजबाहेर वाचता येत नसे.

खरा तोडगा युनिकोडचा. जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. १९९३ चे विंडोज एनटी आतून युनिकोडवर उभे होते. पण घरोघरी असलेले विंडोज ९५ आणि ९८ डॉसच्या वंशातले. २००० साली विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ फॉन्ट आला आणि कार्यप्रणालीला स्वतःला देवनागरी जुळवता येऊ लागली. २००१ च्या एक्सपीने तोच एनटीचा वंश सामान्य घरांत आणला.

एक्सपीच्या सेटिंगमध्ये एक छोटी चौकट होती. तिच्यावर खूण केली आणि सीडी घातली, की मराठी नीट दिसू लागे. त्या चौकटीपुढे लिहिले होते : क्लिष्ट लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा. म्हणजे देवनागरी, अरबी आणि उर्दू एकाच टिचकीत येत. आपल्याकडे दीडशे वर्षे ज्या दोन लिप्यांना एकमेकींसमोर उभे केले गेले, त्या यंत्राच्या लेखी एकाच घरातल्या होत्या. ‘क्लिष्ट’ हा शब्द मात्र मला अजून खटकतो. पहिलीतल्या मुलाला ‘क्ष’ क्लिष्ट वाटत नाही. यंत्र दुसऱ्याच्या मापाने शिवलेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

पुढची कथा खुल्या सॉफ्टवेअरची आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केले. आजच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तेच आहे. त्या फोनवर अक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ नावाचा प्रोग्राम करतो. तो ज्यांनी वाढवला ते बेहदाद इस्फहबोद मूळचे इराणचे, आणि नाव फारसीतले : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. फोनवर तुम्ही ‘वाऱ्यावर’ वाचता तेव्हा तो अर्धा ‘र’ हार्फबझ जुळवते, आणि उर्दू शेरही तेच जुळवते.

हे सगळे आपोआप झाले नाही. मराठीचा ‘ॲ’ हा स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये यायला २००८ उजाडले. विंडोजमध्ये नस्तालीक २०१२ मध्ये आले, आयफोनमध्ये २०१७ मध्ये. प्रत्येक वेळी कोणीतरी मागणी केली, पुरावे दिले, पाठपुरावा केला.

आता काळजीची गोष्ट. १९९० ते २००५ या काळातले आपले पुष्कळ लिखाण, म्हणजे संमेलनांच्या स्मरणिका, छोटी मासिके, जमातींचे अहवाल, दीनी पुस्तकांचे मराठी तर्जुमे, जुन्या फॉन्टमध्ये अडकले आहे. मुस्लिम मराठी लेखनाचा हा भरभराटीचा काळ, आणि त्याच्या फायली सीडींवर किंवा बंद पडलेल्या डीटीपी दुकानांच्या संगणकांत आहेत. कागद असेल तर वाचता येईल, पण शोधता येणार नाही. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत. मात्र फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे ठाऊक हवे. म्हणून ज्यांच्याकडे असे काही आहे त्यांनी फायलीबरोबर फॉन्टही जपून ठेवावा, आणि त्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून सीडीला चिकटवावे. संगणक भंगारात जाण्याआधी एवढे झाले, तर बाकीचे काम पुढच्या पिढीलाही करता येईल.