शवाचा विटाळ सुटला, माणसाचा?

१८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवाचे विच्छेदन केले. प्रेताला हात लावणे हा त्या काळी धर्म बुडवण्याचा प्रकार होता. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि इथल्या उच्चवर्णीयांची मुलेही विच्छेदनाच्या टेबलापाशी उभी राहिली. भाऊ दाजी लाड १८५१ च्या पहिल्या तुकडीत पदवीधर झाले. नवी विद्या, नवी प्रतिष्ठा दिसू लागली, तसा शवाचा विटाळ सुटला. शेजारच्या बाकावरच्या जिवंत माणसाचा सुटला का?

अंबरनाथमध्ये हा प्रश्न आज विचारलाच पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत अंबरनाथचे एक. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. कारखान्यांच्या या गावात आमच्या वस्तीतल्या पोरांना डॉक्टरकी हाकेच्या अंतरावर आली, याचा आनंद मला आहेच. पण दार उघडणे वेगळे आणि आत माणूस म्हणून वावरता येणे वेगळे.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना आपल्या महाविद्यालयाचे वातावरण कसे वाटते, हे मोजणारी पन्नास प्रश्नांची एक प्रश्नावली १९९७ साली स्कॉटलंडमधील डंडी येथून पुढे आली. ती भारतातही वापरली जाते. शिक्षक टवाळी करतात का, राहण्याची जागा बरी आहे का, एकटे वाटते का, असे प्रश्न तीत आहेत. प्रश्न योग्यच आहेत. पण जातीविषयी एकही नाही. स्कॉटलंडला तो सुचला नाही, यात नवल नाही. आपल्याला सुचू नये, हे मात्र नवल. शिवाय वर्गाची सरासरी काढली की पाच-दहा मुलांचे एकटेपण नव्वदांच्या समाधानात बुडून जाते.

तो प्रश्न विचारला प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत. २००७ च्या अहवालात दलित-आदिवासी विद्यार्थी बोलले. वसतिगृहातल्या छळापायी आपापल्या लोकांच्या आसऱ्याला खोल्या बदलाव्या लागतात, तोंडी परीक्षेत आडून जात विचारली जाते, शिक्षक दूर ठेवतात, असे त्यांनी सांगितले. विचारले, म्हणून कळले.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयातील पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवले. त्या तडवी भिल्ल या आदिवासी समाजातल्या. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. न्यायालय आपले काम करील. पण मुलगी गेल्यावर चौकशी करायची, ही कसली रीत?

म्हणून माझी मागणी साधी आहे. अंबरनाथच्या महाविद्यालयाने पहिल्या वर्षापासून, नाव न विचारता, जातीच्या वागणुकीविषयी विद्यार्थ्यांना विचारावे. राखीव जागांवरील विद्यार्थ्यांची उत्तरे वेगळी वाचावीत आणि ती जाहीर करावीत. दुखणे कुठे आहे हे रोग्याला विचारल्याशिवाय औषध देऊ नये, हे तिथे शिकवतातच. तेवढेच स्वतःच्या वसतिगृहात करून दाखवावे.