माजघराची खिडकी

गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याचा मुलगा वाईला आला होता. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. कॉलेजने एखाद्या जुन्या घराचं मोजमाप करून नकाशे काढायला सांगितलेत, म्हणून स्वारी चार दिवस टेप आणि वही घेऊन घरभर फिरत होती. मी वहीत डोकावले तर बहुतेक रेघा काळ्या आणि थोड्या तांबड्या. विचारलं तर म्हणाला, "आजी, काळं म्हणजे मूळचं आणि तांबडं म्हणजे नंतर घातलेलं. दुरुस्ती करायची झाली तर तांबडं काढून घर मूळ रूपात आणता येईल."

माजघराची खिडकी तांबडी होती.

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ती खिडकी मूळची नाहीच. पण ती बुजवायची ह्या कल्पनेनं मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहून काढावं म्हणते. घरच्या मंडळींनीही हे वाचावं अशी इच्छा आहे. कारण शेवटी सांगेनच.

मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. शनिवारवाड्याच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२, खर्च १६,११० रुपये, आणि १८२८ च्या आगीत वाडा जळाला. प्रश्नपत्रिकेत हे हमखास असायचं. पण वाडा जळाला तरी कोट, जोती आणि पायऱ्या कशा राहिल्या, हे ना मी कधी सांगितलं, ना कुणा मुलानं विचारलं. उत्तर सोपं आहे. वाडा म्हणजे मुळात लाकडाचा सांगाडा. खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. घराचं वजन हा सांगाडा पेलतो. मधल्या विटा-मातीच्या भिंती म्हणजे बरंचसं अंगावर घेतलेलं पांघरूण. लाकूड जळालं की उरतो तो दगड.

म्हणूनच घर किती मोठं हे खणांत सांगायची पद्धत होती. दोन खांबांच्या मधली, साधारण पाच-सहा फुटांची जागा म्हणजे एक खण. आमचा सोपा सात खणी. लग्न होऊन १९७४ साली मी ह्या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "तुझा संसार तिसऱ्या खणातला." म्हणजे तिथली फडताळं आणि दोन कोनाडे माझे!

आता मूळचं काय ते पाहू. आमचं घर उत्तर पेशवाईतलं असावं असं घरात मानतात. त्याच्या नकाशात छपराची मंगळुरी कौलं काळ्या रंगात होती. मी म्हटलं, "अरे, ही कौलं बनवायचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला काढला तो १८६५ साली. पेशवाई १८१८ ला संपली. मग ही मूळची कशी?" पूर्वी ह्या घरावर नळीची कौलं होती. माकडांनी नाचून ती दर वर्षी फोडायची आणि उन्हाळ्यात चाळायला माणूस बोलवायचा. सासऱ्यांच्या वडिलांनी त्या त्रासाला कंटाळून मंगळुरी घातली. ओटीवरची शहाबादी फरशीही नंतरची, आधी तिथं शेणानं सारवलेली जमीन होती. बिचाऱ्याने मुकाट्यानं तांबडं पेन काढलं. अर्धा नकाशा तांबडा झाला.

पुण्याचा शनिवारवाडा तरी एका दमात कुठे झाला? बाजीरावांनी बांधला, पुढे नानासाहेबांनी वाढवला आणि कोटाचं काम पुरं केलं. विश्रामबागवाड्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. दुसऱ्या बाजीरावाने हौसेनं बांधलेला हा वाडा. सुरूच्या आकाराचे त्याचे कोरीव खांब आजही लोक मान वर करून बघतात. पेशवाई बुडाली आणि तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, त्याच वाड्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा सुरू केली. पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तोही पुन्हा उभा राहिला. मग तिथं शाळा भरली, कचेऱ्या बसल्या. पेशव्यांच्या विलासासाठी बांधलेल्या दिवाणखान्यात पोरं पाढे म्हणाली असतील, पण माणसांचा वावर राहिला म्हणून वाडा राहिला. ज्या वाड्यात पणती लावायला कुणी उरलं नाही, त्याच्या तुळयांत आधी वाळवी शिरली आणि मग दलाल.

इथून जवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. 'स्वदेस' सिनेमा (२००४) तिथं चित्रित झाल्यापासून पाहुण्यांना तो दाखवावाच लागतो. सगळे घाटावर फोटो काढतात, वसईच्या मोहिमेतून आलेली ती प्रचंड घंटा बघतात आणि परत फिरतात. मी मात्र नेहमी वाड्याच्या आतल्या चौकात जाऊन उभी राहते. बाहेरून जवळजवळ आंधळ्या भिंती आणि आत मोकळं आभाळ. जुन्या वाड्याची सगळी रीत त्या चौकात कळते. दिवस धामधुमीचे, म्हणून तळमजल्याला बाहेर खिडक्या नाहीत. दिंडी दरवाजा वाकूनच ओलांडायचा, मागे भिंतीत सरकणारा अडसर. उजेड आणि वारा जो काय यायचा तो चौकातून.

तो पुढच्या चौकातून सोप्यात, ओटीवर यायचा. तिथं पुरुषमंडळी बसत, हिशेब होत, पाहुण्यांना पानसुपारी मिळे. त्याच्या आत माजघर, माजघराच्या आत स्वयंपाकघर, बाजूला बाळंतिणीची खोली. जितकं आत जावं तितका अंधार दाट, आणि बायकांचा दिवस तिथंच जायचा. नक्षीदार खांब, केवड्याची कणसं कोरलेले हस्त, महिरपी, हे सगळं सोप्यात. माजघराला काय, तर धुरानं काळे पडलेले खांब. वाड्यांवरची सुंदर पुस्तकं मी हौसेनं चाळते, पण माजघराचा फोटो त्यांत क्वचितच सापडतो. दिसणारच काय त्यात!

म्हणून "घर मूळ रूपात आणायचं" असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुणाच्या मूळ रूपात?

पण ह्याचा अर्थ वाटेल ते बदलावं असा नाही, आणि हे मी स्वतःच्या चुकीमुळं शिकले. १९८६ च्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. चुन्याचा गिलावा पोपडे धरून पडायला लागला. मी नोकरी करत होते, हाताशी थोडे पैसे होते. सगळ्यांच्या मागे लागून मीच ती भिंत आतून-बाहेरून सिमेंटनं करून घेतली आणि वर ऑइलपेंट. काय चकचकीत दिसायची! शेजारणी बघायला यायच्या. सात-आठ वर्षांनी दिवाळीची साफसफाई करताना झाडूचा दांडा भिंतीतल्या खांबाला लागला आणि आत रुतला. खांबाचा खालचा हातभर भाग नुसता भुसा झाला होता.

झालं होतं असं. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत चढतेच. गिलावा चुन्याचा असला की ती बाहेर पडून सुकून जाते. म्हणजे भिंत श्वास घेते म्हणा ना. सिमेंटनं आणि ऑइलपेंटनं मी तिचं नाक-तोंड दाबलं. ओलीला बाहेर वाट मिळेना, ती लाकडात मुरली. पोपडे पडत होते तेव्हा चुना आपलं काम करत होता. मला ते घाण दिसलं, एवढंच.

तेव्हा एक म्हातारे गवंडी मिळाले. त्यांनी आधी सिमेंट सगळं उतरवलं. कळीचा चुना आणून विरवला, कित्येक दिवस पाण्याखाली मुरत ठेवला. त्यात वाळू, विटेची भुकटी, हिरड्याचं पाणी आणि गूळ. पूर्वी हे मिश्रण बैलांच्या घाणीत मळत. आमच्याकडे दोन माणसांनी पायानं मळलं. खांब मात्र त्यांनी बदलला नाही. कुजलेला भाग तेवढा कापून खाली नव्या सागाचा तुकडा खाच पाडून सांधला. वर दोनशे वर्षांचं लाकूड, खाली नवीन. मी म्हटलं, "सांधा दिसतोय." ते म्हणाले, "दिसू द्या बाई, पुढच्याला कळायला नको का कुठं काय केलंय ते?" बी. ए. ला इतिहास घेऊन जे मला कळलं नव्हतं ते त्या वाक्यात कळलं.

पडले ते सगळे वाडे मालकांच्या बेपर्वाईनं पडले असंही नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना आसरा हवाच होता. पण महागाई वाढत गेली आणि भाडं तिथंच राहिलं. नवा कायदा १९९९ साली झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. आमच्या मागच्या सोप्यात दोन बिऱ्हाडं होती, भाडं सात रुपये. माणसं सोन्यासारखी, अजून येणंजाणं आहे. पण सात रुपयांत कौलं कुठून बदलणार? मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला घर सोडवेना, आणि दर पावसाळ्यात भिंत मात्र थोडी थोडी खचत राहायची. पुण्यात त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचा पूर आला. नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या.

पडलेल्या वाड्यांचे दरवाजे, खिडक्या, समया दिनकर केळकरांनी दारोदार फिरून जमवल्या म्हणून निदान पुण्याच्या त्यांच्या संग्रहालयात बघायला मिळतात. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही तिथं जुळवून ठेवलेत. केळकरांचे उपकारच आहेत. पण तिथं एखाद्या दारापुढे उभी राहिले की मला वाटतं, ह्या कडीला कित्येक वर्षांत कुणी "कोण आहे?" म्हणून विचारलं नसेल.

असो. आता खिडकीकडे येते.

सासूबाईंचे डोळे चुलीच्या धुरानं अधू झाले होते आणि वाचायचं वेड फार. दुपारी पोथी घेऊन त्या माजघराच्या उंबऱ्यावर बसायच्या, कारण तिथवर थोडा उजेड यायचा. ओटीवर जाऊन बसायची सोय नव्हती. १९५६ साली सासरे महिनाभर काशीयात्रेला गेले. सासूबाईंनी सुताराला बोलावलं आणि विचारलं, "भिंत फोडली तर माडी खाली येईल का?" तो म्हणाला, "दोन खांबांच्या मधे फोडली तर काही होत नाही." मागच्या बाजूची एक पडवी पूर्वीच पडली होती. तिची सागवानी चौकट अडगळीत होती, तीच बसवली. दोन चांदीच्या वाट्या मोडून मजुरी दिली. सासरे परत आले, गंगाजल घेऊन देवघराकडे जाताना माजघरात थबकले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन तिथंच येऊन बसले! ही गोष्ट सासूबाई मला दर उन्हाळ्यात लोणची घालताना सांगायच्या, त्याच खिडकीच्या उजेडात.

त्या सुताराला सांगाड्याची रीत ठाऊक होती. खिडकी नवी, पण तिनं घराचा एकही खांब दुखवला नाही. माझं सिमेंट दिसायला काहीच बदलत नव्हतं आणि त्यानं खांब खाल्ला. घर राखणं आणि घर बिघडवणं ह्यातला फरक मला ह्या दोन गोष्टींत दिसतो.

आता घरच्या मंडळींना सांगायचं ते. येत्या चैत्रात तिघा भावांच्या कुटुंबांनी बसून घराचं ठरवायचं आहे. जागा बिल्डरला देऊन प्रत्येकाला फ्लॅट, असा एक प्रस्ताव आहे. त्यात गैर काही नाही. उंच पायऱ्यांचा जिना आता माझ्याही गुडघ्यांना झेपत नाही, आणि रात्री मागच्या अंगणात संडासला जाण्यात कसलं आलंय वैभव! पण माझं मत असं की खांब, तुळया, कडीपाट आणि चुन्याच्या भिंती ठेवाव्यात. मागच्या पडवीच्या जागी संडास-बाथरूम घरात घ्यावं. झोपायची सोय खाली करावी. चौक बुजवू नये. आमच्या दोघांच्या वाट्याचे पैसे त्यात घालायला आम्ही तयार आहोत. तुम्ही नाही म्हणालात तर मी रुसणार नाही, सहीही करीन. फक्त ठरवण्याआधी दोन दिवस इथं राहायला या. दुपारी तीनच्या सुमारास माजघरात बसा आणि मग बोला.

निघताना पुतण्याच्या मुलानं मला नकाशा दाखवला. खिडकी तांबडीच होती, पण शेजारी त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं : "नंतरची, १९५६. काढू नये."

मी म्हटलं, "कुणी पाडून घेतली तेही लिही."

त्यानं पणजीचं नाव विचारलं. त्याला ते माहीतच नव्हतं.