बी कुणाचं, पाकीट कुणाचं

जालन्यात बियाण्याच्या धंद्यात वावरलेल्या माणसाला हॉलंडमधली काही गावं न पाहताच ओळखीची झालेली असतात. एन्कहाउझेन, वार्मेनहाउझेन, वागेनिंगेन. कोबी, कांदा, काकडी, ढोबळी मिरची, कुठल्याही भाजीच्या पैदाशीचा विषय निघाला की ही नावं येतातच. मी काकडीची पैदासकार. वाण शुद्ध राखायचे, त्यांचे संकर करायचे, देऊळगाव राजाकडच्या शेडनेटांमध्ये चिमटा घेऊन क्रॉसिंगला बसणाऱ्या बायांना कळी नेमकी कोणत्या दिवशी उघडायची ते दाखवायचं, यात माझी नोकरी झाली. गांजा मी कधी लावला नाही; आपल्याकडे परवान्याशिवाय लावणं गुन्हाच आहे. पण त्याच्या बियाण्याचा इतिहास मी आवडीने आणि बारकाईने वाचते, कारण गेल्या पन्नास वर्षांत या पिकाच्या पैदाशीवर जो डच हात फिरला तो मला ओळखू येतो. त्याच हाताखालच्या पद्धती आम्ही वापरल्या. जग या पैदाशीचं सगळं श्रेय ॲम्स्टरडॅमला देऊन मोकळं होतं. माझ्या मते हे श्रेय निम्मंच खरं आहे.

सुरुवात एन्कहाउझेनपासूनच करते. या गावात वाढलेला यान हाउखेन व्हान लिन्शोटेन १५८३ साली गोव्यात आला आणि तिथल्या आर्चबिशपच्या पदरी लेखनिक म्हणून राहिला. परत गेल्यावर १५९६ साली त्याचं ‘इतिनेरारियो’ हे पुस्तक निघालं. भांग कशी घेतात, कोण घेतं, याची माहिती त्यात आहे, आणि पुस्तकातल्या टिपा एन्कहाउझेनच्याच पालुदानुस या वैद्याच्या आहेत. पुढे कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या दहाव्या खंडात गांजाची झाडं दोन वेगळ्या नावांखाली चित्रांसह आली आहेत. या ग्रंथासाठी इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याने माहिती पुरवली, तशीच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघांनीही. हे तिघे गोव्याकडून कोचीला गेलेल्या सारस्वत समाजातले. त्यांची नागरी लिपीतली कोकणी साक्ष पहिल्या खंडात त्यांच्या नावांनिशी छापली आहे. ज्ञान कुणाकडून घेतलं ते सतराव्या शतकातल्या या डच ग्रंथाने लिहून ठेवलं. तीनशे वर्षांनी निघालेल्या बियाण्यांच्या कॅटलॉगांत अशी साक्ष सापडत नाही. मला खटकतं ते हेच.

मधली शतकं हॉलंडमध्ये या झाडाचा उपयोग जहाजांचे दोर आणि शिडं यांच्यापुरता होता. तो तंतूंसाठीचा प्रकार, त्याची पैदास वेगळी. ती इथे सोडून देते.

खरी कलाटणी कायद्याच्या एका कंसाने दिली. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाची व्याख्या करताना फुलोऱ्याचे शेंडे धरले आणि शेंड्यांशिवायचं बी आणि पानं वगळली. आपल्या १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात हाच मजकूर जवळजवळ शब्दशः उतरला आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे भांग वेगळी धरली जाते. हॉलंडमध्ये या फटीतून व्यापार उभा राहिला. साठच्या दशकाच्या अखेरीस केस हूकर्ट आणि रॉबर्ट यास्पर ग्रोटफेल्ट हे दोघे ॲम्स्टरडॅमच्या कालव्यातल्या एका नावेवरून रोपं उघडपणे विकत, कारण तेव्हाच्या कायद्याचा रोख वाळलेल्या शेंड्यांवर होता, जिवंत रोपावर नव्हता. १९७२ साली ‘मेलो यलो’ हे नावाला चहाचं दुकान निघालं; तिथे गांजाही मिळे. १९७६च्या दुरुस्तीने गांजा आणि हशीश हेरॉइनपासून वेगळ्या यादीत गेले, आणि ३० ग्रॅमपर्यंत जवळ असणं हा किरकोळ गुन्हा ठरला. अशा दुकानाच्या पुढच्या दाराने विक्री चालवून घ्यायची आणि मागच्या दाराने माल कुठून येतो ते विचारायचं नाही, अशी ती व्यवस्था होती. माल बहुतेक मोरोक्को आणि लेबनॉनचा. तो घरीच पिकवायचा तर बी हवं, आणि बी विकायला कायद्याची आडकाठी नव्हती.

ते बी मात्र डच नव्हतं. कॅलिफोर्नियात सत्तरच्या दशकात हौशी शेतकऱ्यांनी अफगाणिस्तान, मेक्सिको आणि कोलंबियाचे वाण एकत्र करून ‘स्कंक’ तयार केला होता. त्यांच्यापैकीच डेव्हिड वॉटसन तो ऐंशीच्या दशकात हॉलंडला घेऊन आला. पैदासकाराच्या नजरेने स्कंकचं मोल नशेत नाही, स्थिरतेत आहे. पिढ्यान् पिढ्या निवड झाल्यामुळे त्याचं बी पेरलं तर झाडं एकसारखी येतात. अशी ओळ हाताशी असली की दुसऱ्या वाणाशी संकर करताना निकाल आधीच ओळखता येतो. माझ्या धंद्यात अशी ओळ मिळाली की निम्मं काम झालं असं आम्ही धरतो.

दुसरं नाव नेव्हिल शूनमेकर्सचं. आईवडील डच, वाढला ऑस्ट्रेलियात. १९८४ साली त्याने हॉलंडमध्ये ‘द सीड बँक’ सुरू केली आणि ‘हाय टाइम्स’ या अमेरिकी मासिकात जाहिराती दिल्या. ऑर्डर टपालाने यायची, बी पाकिटातून टपालानेच जायचं. जर्मन सरहद्दीजवळच्या एका वास्तूत तो पैदाशीचं काम करी; मासिकवाल्यांनी तिला ‘कॅनबिस कॅसल’ म्हटलं. त्याचा सर्वांत गाजलेला संकर ‘नॉर्दर्न लाइट्स’ आणि ‘हेझ’ यांचा. पहिला अमेरिकेच्या वायव्य भागातून आणलेला, बुटका आणि लवकर तयार होणारा. दुसरा कॅलिफोर्नियाचा, उंच आणि अतिशय उशिराचा. हेझच्या रक्तात मेक्सिको, कोलंबिया, थायलंडबरोबर दक्षिण भारतही आहे, असं त्या वर्तुळातले लोक सांगतात. १९८९ साली अमेरिकेच्या अमली पदार्थ विभागाने ‘ग्रीन मर्चंट’ ही मोहीम काढली, तिच्यात नेव्हिलचं नाव आलं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात त्याला अटक झाली. त्याची सीड बँक १९९१मध्ये बेन ड्रॉन्कर्स या डच बियाणेवाल्याकडे गेली आणि ‘सेन्सी सीड बँक’ झाली. नेव्हिल २०१९ साली वारला. कायदा त्याच्याकडे कसा पाहतो ते बाजूला ठेवून एवढंच म्हणते की त्याने आई-बाप ओळी वेगळ्या राखल्या, संकर नोंदवून केले आणि ग्राहकाला छापील यादी दिली. बियाण्याच्या दुकानदारीची ही शिस्त डच मातीतली.

त्याहून मोठं डच योगदान दिव्याचं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. काचघरातल्या टोमॅटो-फुलांसाठी हॉलंडने सोडियमचे दिवे आणि दगडी लोकरीच्या लाद्यांवर मुळं वाढवायचं तंत्र सर्रास वापरलं होतं. तेच तंत्र खोलीत गेलं. दिवा छतापासून हातभर खाली असतो आणि विजेचं बिल रोज चढतं. म्हणून बुटकं झाड हवं, आठ-दहा आठवड्यांत फुलोरा पक्का हवा. हिंदुकुशाकडची झाडं यात बसतात. केरळ-थायलंडची उंच, सावकाश पिकणारी झाडं बसत नाहीत. त्यामुळे उष्ण प्रदेशांतल्या वाणांचा गंध, त्यांचा गुण तेवढा उचलून त्यांना अफगाण बांध्यात बसवणं, हाच ऐंशी-नव्वदच्या डच पैदाशीचा मुख्य उद्योग झाला. दिव्याची उंची हा निवडीचा निकष ठरला, हे मला त्या काळाचं सर्वांत नेमकं वर्णन वाटतं.

आता नर-मादीकडे वळते, कारण माझा जीव तिथे आहे. गांजाचं पीक पपईसारखं, नर झाडं वेगळी आणि मादी वेगळी. हवं असतं ते मादीचा न फळलेला फुलोरा. एक नर झाड राहिलं तरी वाऱ्यावरच्या परागाने सगळं शेत बी धरतं. ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना अमेरिकेच्या फार आधीपासून माहीत होती. १८९३-९४च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात अहमदनगर आणि सातारा जिल्ह्यांतल्या गांजाच्या लागवडीची नोंद आहे. बंगालात नौगावकडे ‘पोद्दार’ नावाचा जाणकारच असे. तो शेतातून हिंडून नर झाडं ओळखून देई आणि ती उपटली जात. फूल उमलण्याआधी नर ओळखायचा म्हणजे डोळा तयार लागतो. क्रॉसिंगच्या बायांकडे तो डोळा मी पाहिला आहे, त्यामुळे त्या पोद्दाराची मजुरी किती न्याय्य होती ते मला समजतं.

खोलीतल्या लागवडीत निम्मं बी नर निघणं म्हणजे निम्मी वीज वाया. यावर १९९८ साली ‘डच पॅशन’ या कंपनीने केवळ मादी झाडं देणारं बी बाजारात आणलं आणि सगळा धंदाच बदलला. ही किमया डच मानली जाते. तिची साखळी मात्र अशी आहे. झाडातल्या इथिलीन वायूमुळे मादीपण टिकतं, आणि चांदी इथिलीनचं काम अडवते. पण साधं सिल्व्हर नायट्रेट देठातून वर चढत नाही, जागीच अडकतं. १९७८ साली वागेनिंगेनच्या व्हेन आणि व्हान दे खेइन या संशोधकांनी दाखवलं की चांदी थायोसल्फेटशी जोडली तर ती देठातून फुलापर्यंत पोचते. त्यांना फुलदाणीतले कार्नेशन जास्त दिवस टिकवायचे होते. चार वर्षांनी, १९८२मध्ये, दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले एच. वाय. मोहन राम आणि आर. सेट यांनी हीच संयुगं गांजाच्या मादी झाडांवर वापरली. त्या झाडांना नर फुलं आली, आणि त्यांचा पराग जिवंत होता. ‘थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स’ या नियतकालिकात हे छापून आलं. मादी झाडाच्या परागात नर गुणसूत्र नसतंच, म्हणून त्या परागाचं सगळं बी मादी. मोहन राम यांच्या विभागात या झाडाच्या लिंगबदलावर १९७० सालापासून काम चालू होतं.

आम्ही काकडीत हेच करत होतो. फक्त मादी फुलं धरणाऱ्या काकडीची ओळ पुढे न्यायची तर पराग आणायचा कुठून? तिच्यावर चांदीचं द्रावण फवारायचं, थोडी नर फुलं येतात, बी धरता येतं. पाठ्यपुस्तकातली गोष्ट. म्हणून डच पॅशनचं यश मला मुख्यतः निवडीत दिसतं. ताण पडला तरी जी मादी आपणहून नर फुलं काढत नाही तीच आई म्हणून घ्यायची, नाहीतर तो दोष बियातून पुढे जातो. ती निवड चिकाटीने करावी लागते, आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण दिल्लीच्या त्या दोघांचं नाव बियाण्याच्या पाकिटावर सोडा, या धंद्याच्या गौरवकथांतही मी कधी वाचलं नाही. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

वाणांच्या बाबतीत तर हिशेब आणखी कच्चा आहे. ॲम्स्टरडॅममधल्या गांजाच्या वाणांच्या स्पर्धेत १९९५ साली गाजलेल्या ‘व्हाइट विडो’चा एक पूर्वज दक्षिण भारतातला, बहुधा केरळचा, असं तिचे पैदासकार स्वतः सांगतात. कोणत्या गावचा, कोणत्या शेतकऱ्याने तो किती पिढ्या राखला, याची नोंद नाही. ॲम्स्टरडॅमच्या ‘हॉर्टाफार्म’ने १९९०नंतर वाणांचा जो संग्रह केला तो १९९८ साली इंग्लंडच्या ‘जीडब्ल्यू’ कंपनीकडे गेला. लहान मुलांच्या कठीण अपस्मारावर याच कंपनीने झाडापासून बनवलेल्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. त्या मुलांचे झटके कमी होतात, याहून चांगली गोष्ट नाही. वाण राखणाऱ्यांपर्यंत मात्र त्यातलं काही पोचलेलं नाही.

मोरोक्कोच्या रिफ डोंगरात, जिथून हॉलंडला वर्षानुवर्षं हशीश गेला, तिथे या शतकात उलटी वाट सुरू झाली. शेतकरी युरोपात तयार झालेले संकरित वाण लावू लागले. त्यांचं उत्पन्न जास्त, पण त्यांना उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं, आणि तो मुलूख पाण्याने श्रीमंत नाही. तिथलं गावरान ‘बेलदिया’ पावसाच्या ओलीवर येतं. मोरोक्कोने २०२१मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीला परवाने द्यायचा कायदा केला. सुरुवातीला बाहेरून आणलेलं बीच परवान्यात होतं. नंतर बेलदियालाही परवानगी मिळाली, आणि रिफचे शेतकरी आता स्वतःचं बी कायदेशीरपणे पेरतात.