न बोलण्याचा ठपका कुणावर?

घरात वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या मुलाची हकिकत उघडकीला आली की शेजारी, नातेवाईक, शिक्षक यांच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मग इतके दिवस बोलला का नाही?’ त्यामागचा पूर्वपक्ष असा: चौदा-पंधरा वर्षांचं पोर काही अजाण नसतं. मित्र आहेत, हातात मोबाईल आहे. तरी ते गप्प राहिलं, म्हणजे मार फारसा नसावा, नाहीतर तक्रार मागाहून रचलेली असावी.

सांगायला कुणी मोठं माणूस होतं, हे यात गृहीत धरलेलं आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ सालच्या पाहणीत महाराष्ट्र-गोव्यासह १३ राज्यांतली १२,४४७ मुलं होती. दर तिघांतल्या दोघांनी मार खाल्ला होता. ज्यांना घरच्यांनी मारलं, त्यांतल्या ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते, आणि बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. काही झालं तर आईबाबांना सांग, असं आपण मुलांना शिकवतो. इथं मारणारे तेच. काका, मावशी, वर्गशिक्षक यांचं जाणंयेणंही आईबाबांशीच. त्यांच्या कानावर घातलेलं संध्याकाळपर्यंत घरी पोचतं आणि रात्री त्याचीही शिक्षा होते. हे ओळखून गप्प बसलेल्या मुलाला मार सोसवत होता, असा निष्कर्ष कसा निघतो?

शिवाय मुलं अगदीच गप्प असतात असंही नाही. ती आधी चाचपून बघतात. जिवलग मैत्रिणीला सांगतात, तेही शपथ घालून. बाईंना विचारतात, ‘शाळा सुटल्यावर थोडा वेळ इथंच बसू का?’ ‘एका मित्राचे वडील पट्ट्यानं मारतात’ असं दुसऱ्याच्या नावावर सांगून टाकतात. त्यावर ‘त्यानं काहीतरी केलं असेल’ एवढं उत्तर आलं, की पुढचं बोलणं खुंटतं. नंतर तेच मोठे म्हणतात, आम्हाला कधी बोलला नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: प्रत्येक धपाट्याची चौकशी लावली तर घरं मोडतील. पण २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ७५ वं कलम मुलाला विनाकारण यातना देणाऱ्या क्रूरतेबद्दल आहे. मूल स्वतःही बालकल्याण समितीपुढे जाऊ शकतं. ही समिती पोलीस ठाणं नव्हे. मुलाचं संरक्षण हे तिचं काम. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, मूल शक्यतो कुटुंबातच राहावं, हे तत्त्वही त्याच कायद्यात आहे. घर मोडण्याची भीती दाखवून गप्प बसणाऱ्यांनी ते वाचलेलं नसतं.

अर्थात समितीपर्यंत एकटं पोचणारं पोर विरळा. त्याला सोबत लागते, आणि ती कशी द्यायची हे शाळेनं आधीच ठरवलेलं असावं. ऐकणाऱ्यानं उलटतपासणी करू नये. कुणालाच सांगणार नाही असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. पुढे कुणाला सांगणार आणि का, हे मुलालाच समजावून सांगावं. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करावा. आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्या वडिलांनाच ‘जरा भेटून जा’ म्हणून निरोप धाडू नये. एवढी व्यवस्था ज्या शाळेत नाही, तिथल्या मोठ्यांना ‘बोलला का नाही’ हे विचारण्याचा अधिकार नाही.