सेकंदाचा पन्नासावा भाग

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. रिलीज होतं, त्यामुळे तीन वीकेंड हापिसातच गेले. मधे पोळ्याला मात्र गावी पळालो. गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेडपासून थोडं आत. सोबत नवा कॅमेरा होता. नवा म्हणजे माझ्यासाठी नवा. एक जुना, स्वस्तातला, सेकंडहँड मिररलेस. कंपनी सांगत नाही, फॅनबॉय लोक भांडायला येतात.

कॅमेरा घ्यायचं कारण एक फोटो आहे. आमच्या आजोबांनी १९७१ च्या पोळ्याला काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट, चौकोनी. मारुतीचं देऊळ एकदम स्पष्ट. पारावर बिडी ओढत बसलेला माणूस स्पष्ट, त्याच्या पटक्याचे पीळसुद्धा मोजता येतात. आणि मधोमध एक लांबट काळा डाग, त्याच्या शेजारी एक छोटा पांढरा डाग. काळा डाग म्हणजे आमचा बैल. पांढरा डाग म्हणजे बाबा, वय वर्षं आठ. तोरण तोडलं, पोळा फुटला, बैल उधळले आणि बाबा कासरा धरून त्यांच्यासोबत पळाले, तो हा क्षण. पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. बैल विकले. त्या जोडीचा दुसरा फोटो नाही.

मला लहानपणी वाटायचं आजोबांचा हात हलला असेल. पण हात हलला असता तर देऊळही हललं असतं. बग हातात नव्हता, हार्डवेअरमध्ये होता.

आजोबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर सापडेल. बडोद्याची न्यू इंडिया इंडस्ट्रीज बनवायची. १२० नंबरचा रोल, एका रोलमध्ये बारा फोटो. ऊन की ढग एवढंच ठरवायचं. शटरचा वेग एकच, साधारण सेकंदाचा पन्नासावा भाग. आता गणित करा. उधळलेला बैल सेकंदाला पाच मीटर धरा, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. पन्नासाव्या भागात तो दहा सेंटिमीटर पुढे सरकतो. आठ वर्षांच्या पोराचा चेहरा केवढा असतो? फोटोत चेहरा येणार कसा! आजोबांच्या पिढीचे फोटो बघा, सगळे ताठ उभे. लोक म्हणतात तेव्हाची माणसं गंभीर होती. शिस्त होतीच, पण हललं की पुसलं जायचं, हेही होतं.

म्हणजे वेग पकडणारे कॅमेरे तेव्हा नव्हतेच असं नाही. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने लावून धावत्या घोडीचे फोटो काढले होते. पळताना चारही पाय जमिनीवरून सुटतात हे तेव्हा कळलं. पण त्यामागे लेलँड स्टॅनफर्ड होता, रेल्वेवाला कोट्यधीश. आमच्या बाजूला यायचं तर परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि निजामाचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ. जबरदस्त माणूस. १८८० च्या दशकात ड्राय प्लेट रुळल्या, एक्सपोजर सेकंदाच्या आत आलं, आणि त्याच काळात दीनदयाळांनी शिकारी, लष्कराच्या कवायती, मेजवान्या, सगळं टिपलं.

मराठवाड्यातला साधा माणूसही त्यांच्या कॅमेऱ्यात आलाय. कधी, तर १८९९-१९०० च्या दुष्काळात. तेव्हाच्या औरंगाबादच्या मदत केंद्रावर दीनदयाळांच्या स्टुडिओने काढलेले फोटो आहेत. लॉर्ड कर्झनच्या संग्रहातून ते ब्रिटिश लायब्ररीत गेले. बरगड्या दिसणारी माणसं उभी केली आहेत, आणि मथळा आहे कृशतेचे प्रकार. त्या फोटोंत धूसर काही नाही. पळायला अंगात ताकद लागते. मी ते स्क्रीनवर पहिल्यांदा पाहिले तेव्हा टॅब बंद केला, मग परत उघडला. आमच्या भागातल्या माणसाचा नीट, स्पष्ट फोटो आला तो असा.

असो. आता आरशाची गोष्ट. मिररलेस म्हणजे काहीतरी नवीन असं दुकानदार सांगतात. अहो, क्लिक थ्रीमध्ये कुठे होता आरसा? मधल्या काळात तो आला, लेन्समधून दिसतं तेच डोळ्याला दिसावं म्हणून. १९३६ चा जर्मन किने एक्झाक्टा, मग १९५९ चा निकॉन एफ, आणि पुढची पन्नास वर्षं प्रेस फोटोग्राफर म्हटलं की एसएलआर. पण गंमत बघा, फोटो निघताना आरसा वर उचलला जातो. म्हणजे नेमक्या त्या क्षणी फोटोग्राफर आंधळा. आरसा आपोआप लगेच खाली येणंसुद्धा १९५४ च्या असाहीफ्लेक्समुळे रुळलं. २००८ मध्ये पॅनासॉनिकने लुमिक्स जी १ आणला, आरसा काढून टाकला आणि सेन्सरवर दिसतं ते थेट छोट्या स्क्रीनवर दाखवलं.

त्यामुळे स्वस्त मिररलेस घेताना मेगापिक्सेल मोजू नका. वेळेचा किती बारीक तुकडा पडतो, आणि संध्याकाळच्या उजेडात पडतो का, ते बघा. कागदावर माझा कॅमेरा सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जातो. पण पोळा फुटतो संध्याकाळी, आणि त्या दिवशी आभाळ भरून आलेलं. सोबत आलेली झूम लेन्स लांब टोकाला एफ ६.३. हजाराव्या भागाचा शटर लावला तर आयएसओ चार हजाराच्या घरात. शेजारच्यांचे बैल लाल कंधारी, आपल्याच भागाची जात. अंगाचा गडद लाल रंग आणि ती सगळी दाणेदार रवा झालेली. मग एफ १.८ ची साधी पन्नासची लेन्स लावली. उजेड बारापट, आयएसओ तीनशे-चारशेवर. या लेन्सचे पैसे आधी बाजूला ठेवा, मग उरलेल्यात बॉडी शोधा. उलटं करू नका, मी केलं होतं.

ती बदलताना मात्र धूळ. आरसा नाही, म्हणजे सेन्सर उघडा. गुलाल, भंडारा आणि परभणीची काळी माती, तिन्हीचे ठिपके घेऊन आलोय.

सायलेंट मोडमध्ये बैल तिरपे झाले. सेन्सर वरून खाली ओळी वाचत जातो, तोवर पाय पुढे गेलेले असतात. मेकॅनिकल शटर लावला की सरळ. आणि सेकंदाला अकरा फोटो ऐकायला भारी वाटतं, पण दोन फोटोंच्या मधे बैल पंचेचाळीस सेंटिमीटर जातो. शिंगाचा झटका नेमका त्या फटीत. बोट अजूनही वेळेवरच दाबावं लागतं.

रोजच्या वापराला म्हणाल तर उत्तम. डब्याच्या पिशवीत बसतो, बायको वैतागत नाही. बॅटरी मात्र दोन ठेवा.

सहाशे चाळीस फोटोंतले नऊ बरे आले. त्यातला एक असा, की बैल हवेत, झूल उडालेली, आणि शेजारचा पोरगा कासऱ्याला लोंबकळतोय. त्याचे दात दिसतात, शिंगावरची बेगड दिसते. हजाराव्या भागात पाच मिलिमीटर.

बाबांना लॅपटॉपवर दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "मोठा कर जरा." केला. पोराचा हात बघत होते, कासऱ्याला दोन वेढे घेतलेत का ते. "असं धरू नये, बोट जातं," म्हणाले. मग आपल्या उजव्या हाताची करंगळी दाखवली. ती वाकडी का, हे मी तीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

शेजारचे काका मोठी प्रिंट मागतायत, बारा बाय अठरा. पुढच्या खेपेला परभणीतून करून आणायची आहे. पोराला वेढ्याचं सांगायचंय.