सोनखत कोणी वाहिले?

'जुने गाव निसर्गाला धरून जगत होते. तिथे काहीच वाया जात नव्हते.' पर्यावरणाच्या शिबिरांत हे वाक्य हमखास ऐकू येते. आपल्या तरुणांनी त्यावर एकच प्रश्न विचारावा. वाया न जाऊ देण्याचे काम कोणाच्या माथी होते?

आधी विज्ञान समजून घेऊ. सूर्याची ऊर्जा पिकात येते, पिकातून जनावरात आणि माणसात जाते. प्रत्येक पायरीवर तिचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. ती रोज नव्याने यावी लागते. नत्र, स्फुरद, पालाश यांचे तसे नाही. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतून थोडा नत्र आणतात; पण स्फुरद आणि पालाश ऊन-वाऱ्यातून येत नाहीत. पाला, शेण, मैला, हाडे मातीत परत जावी लागतात. जिवाणू आणि बुरशी ती कुजवतात, तेव्हा मुळांना पुन्हा अन्न मिळते. हे चक्र तुटले की ऊन भरपूर असूनही रान उपाशी राहते.

हे चक्र गावात कोण फिरवत होते? मेलेले ढोर ओढणे महारांवर लादलेले. शहरात मैला वाहणे सफाईच्या कामाला जुंपलेल्या जातींवर. महार वतनाच्या जमिनीला 'हाडकी-हाडोळा' म्हणत. त्या नावातच हाड आहे. मैल्याच्या खताला मराठीने 'सोनखत' म्हटले आणि ते वाहणाऱ्याला अस्पृश्य. कस गावच्या शेताला मिळाला, विटाळ आपल्या वाट्याला आला. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत मांस सोडायला सांगितले, १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक आणले आणि १९४८ साली संविधान सभेत गावाचे गोडवे गाणाऱ्यांना ठणकावले.

मग चक्र सोडून द्यायचे का? नाही. जातीवाचून ते कसे चालवायचे, याचा एक आराखडा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये मांडला आहे. १८७८ च्या वन कायद्याला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. जंगल खात्याने डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी आणि गायरानेही ताब्यात घेतली, त्यामुळे गरिबाची शेळी-गाय चरायला जागा उरली नाही, असे ते सांगतात. डोंगरावरचा पाला, गवत, मेलेले किडे-जनावरे यांचे सत्त्व पावसाबरोबर वाहून जाते, हेही त्यांनी ओळखले. उपाय तीन: पाणी शेतात मुरून मग ओढ्याला जाईल असे बांध-बंधारे घाला, नदी-तलावातला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ द्या, गायराने गावांना परत करा.

बांध कोणी घालायचे, तर सरकारच्या पगारी शिपायांनी आणि पोलिसांनी, असे जोतीराव म्हणतात. वेठबिगार नाही, बलुते नाही. मातीची राखण हे जातीचे कर्तव्य नसून राज्याचे पगारी काम आहे, हा यातला क्रांतिकारी मुद्दा आहे.

दहा वर्षांनी, १८९३ साली, व्होल्कर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा हिंदी शेतीवरचा अहवाल आला. लाकूड मिळत नाही म्हणून शेण चुलीत जाते आणि तेलबिया परदेशी पाठवणे म्हणजे जमिनीचा कसच पाठवणे, असे त्यांनी बजावले. पुढे इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. दोघांचेही काम मोलाचे आहे. पण सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड पहिल्या पानावर आणि जोतीराव तळटीपेतही नाहीत, हे आपण का चालवून घ्यायचे?

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले, तेही पडीक जमिनीसाठीच. दगड वेचून, बांध घालून, खत टाकून ज्यांनी गायरानाचा माळ पिकता केला, त्यांना 'अतिक्रमणदार' म्हणून नोटीस देणे हा मातीचाही अपमान आहे. माती त्यांनी घडवली आहे.

म्हणून मित्रांनो, 'जमीन वाचवा' म्हणणाऱ्यांबरोबर जरूर चला, पण दोन अटी घाला. कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावावर सातबारा हवा. आणि मैला-कचऱ्याचे खत करण्याचे काम यंत्राने, पुऱ्या पगारावर, कोणत्याही एका जातीच्या माथी न मारता व्हायला हवे. या अटी मान्य नसतील, तर त्यांना माती नको आहे, जुने गाव परत हवे आहे.

जय जोती, जय भीम!